शॉटनंतर हसायचं असतं

रेवे, आज संध्याकाळी तो डायरेक्टर घरी येणार आहे, आणि तो यायच्या आत तुझ्या आईला मला एक उत्तर द्यायचंय. सकाळपासून मशीनवर बसलेय, पण एकाच ब्लाउजची बाही दोन वेळा उलटी लावली. तू असतीस तर खिदळली असतीस, “आत्या, आज तुझे रिटेक फार होतायत.” होतायत गं बाई. माझं डोकं ठिकाणावर नाही.

प्रश्न तसा साधाच आहे. सिनेमात तू मरायचा सीन दिलास, त्यानंतर कॅमेऱ्याकडे बघून हसलीस की नाही? हसली म्हणाले, तर तो सीन सिनेमात राहील आणि तुझ्या आईच्या जिवाला थोडं बरं वाटेल. नाही म्हणाले, तर सीन जाईल, आणि तू गेलीस त्याचं खापर जन्मभर माझ्या डोक्यावर फुटेल. तुझ्याबरोबर त्या दिवशी मी होते. खरं काय ते दोघींनाच माहीत, मला आणि तुला. तू तर सुटलीस.

‘सुटलीस’ लिहिलं आणि माझा मलाच राग आला. दहा वर्षांची पोर कशातून सुटते? तिचं काय अडकलेलं असतं इथे?

पेपरात तुझा फोटो आला होता. ‘बालकलाकाराचे अल्पशा आजाराने निधन.’ अल्पशा म्हणे! ज्यानं लिहिलं त्याला एक रात्र त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसवायला हवं होतं. खाली मालिकांची नावं, मिळालेलं बक्षीस, आणि वय चुकलेलं. मी ते पान ठेवलं नाही. मला जे बोलायचंय ते तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशीच बोलायचंय.

तुझं सगळं सुरू झालं ते माझ्या कापडाच्या पिशवीमागून. मालिकेच्या कपड्यांचं बघणाऱ्या माणसाला मी परकर-ब्लाउज शिवून द्यायचे. ते पोचवायला गेले, तेव्हा तू पाच वर्षांची, माझी ओढणी धरून मागे. तिथे एक मूल झोपलेलं दाखवायचं होतं, आणि ज्याला आणलं होतं ते लाइट लागला की टक्क डोळे उघडायचं. सगळे वैतागलेले. तू त्या पलंगाकडे बघून म्हणालीस, “मी झोपू?” आणि झोपलीस. खरीखुरी झोपलीस! सीन संपला, लोकांची जेवणं झाली, तरी बाईसाहेब उठेनात. कॅमेरावाला म्हणाला, “राहू दे, उठवू नका, अजून एक अँगल घेतो.”

घरी येऊन सांगितलं तर तुझा बाबा हसायलाच लागला. दिवसभर मार्केटात पाठीवर गोण्या वाहणारा माणूस तो. म्हणाला, “आक्का, झोपायचं काम असंल तर मला बी लाव की.” तुझी आई मात्र हसली नाही. ती तुर्भ्याला पॅकिंगच्या कंपनीत, रजा मागितली की सुपरवायझरचं तोंड वाकडं. ती एवढंच म्हणाली, “मला जमायचं नाही सोबत जायला. आक्का, तुम्ही जाणार असाल तर जाऊ दे.” म्हणून मी गेले. शिलाई काय, कुठेही बसून होते. हेमिंग करत करत तुझ्या सगळ्या मालिका माझ्या डोळ्यांसमोर झाल्या.

आणि काय तोरा होता तुझा! ती आगलावी पोरगी केलीस ना, सावत्र बहिणीच्या दुधात मीठ टाकणारी, तेव्हा शिरवण्याच्या बाजारात भाजीवालीनं तुझा कान धरला होता. “का गं, त्या गरीब पोरीला छळतीस?” मला वाटलं आता तू रडणार. तू तिच्याकडे तसंच डोळे बारीक करून बघितलंस आणि म्हणालीस, “अजून बघा पुढे काय करते.” ती बाई हसून हसून बेजार. वर मूठभर कोथिंबीर दिली.

दुधाचा दात हलायला लागला तो नेमका शूटिंगच्या मधोमध. दात पडला तर आधीच्या सीनशी जुळणार नाही, म्हणून तू काय केलंस, तर एका बाजूनं जेवायला लागलीस. पेरू बंद, ऊस बंद, बोलताना जीभ आतून दाबून धरायची. मी म्हणाले, “अगं मरू दे तो सीन, पडू दे दात.” तर माझ्यावरच डाफरलीस, “आत्या, तुला कामाचं काही कळत नाही.” शेवटचा शॉट झाला आणि तू स्वतःच तो उपटून माझ्या हातावर ठेवलास. रक्ताच्या तोंडानं हसत होतीस. मला तेव्हा तुझा एवढा अभिमान वाटला की मी तुला ओरडलेच.

मग हा सिनेमा आला. रबाळ्याला एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये हॉस्पिटल उभं केलेलं. पत्र्याखाली नुसती भट्टी. गोष्ट आईची आणि आजारी मुलीची, आणि शेवटी मुलगी जाते. तुझी आई झालेल्या नटीला आपण दोघी मॅडम म्हणायचो. चांगली बाई. तुझ्या डब्यातली मेथीची भाजी मागून खायची.

त्या दिवशी तुझं डोकं मॅडमच्या मांडीवर, त्यांचा हात तुझ्या कपाळावर. तू काही म्हणजे काही केलं नाहीस गं. तुझा हात फक्त त्यांच्या साडीवरून हळूच घसरला. मी तिथे खुर्चीवर बसलेले, हातात सुई, आणि माझ्या तोंडातून आवाज निघू नये म्हणून मी ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. तुझं एवढं चांगलं काम मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्या वेळी कळलं की तू मोठी होऊन खरंच कुणीतरी होणार.

कट झाला. आता सेटवरची रीत अशी की मेल्याचा सीन ज्यानं दिला, त्यानं लगेच कॅमेऱ्यात बघून हसायचं. म्हणजे ते मरण खोटं ठरतं, अपशकुन टळतो. मोठे मोठे नट हसतात, तिरडीवरून उठून म्हातारे हसतात. असिस्टंट लांबून ओरडला, “रेवा, हसून दाखव कॅमेऱ्यात!” आणि पुढची तयारी करायला पळाला. डायरेक्टर पडद्याआड मॉनिटरवर. मी टॉवेल घेऊन तुझ्यापाशी आले आणि म्हणाले, “हस की.”

तू नाही म्हणून मान हलवलीस. मॅडमचं रडणं थांबलं नव्हतं. कट झाला तरी त्या बाईला भान नव्हतं, उचक्या देत होत्या. तू उठून बसलीस, हॉस्पिटलच्या त्या झग्याच्या बाहीनं त्यांचे डोळे पुसलेस, आणि माझ्या कानात म्हणालीस, “आत्या, ती रडतेय, आणि मी काय दात काढू?”

झालं. तोवर लाइट विझले.

गाडीत आपलं भांडण जुंपलं. तुर्भ्याला ट्रकांची रांग लागलेली, गाडी हलत नव्हती, आणि माझ्या डोक्यात ते हसण्याचं बसलेलं. मी म्हणाले, “हसायला काय झालं होतं? सगळे हसतात.”

“तूच म्हणतेस असलं काही नसतं.”

“नसतंच.”

“मग?”

“मग काय मग! चार लोक सांगतात तर करावं. तुझं काय जात होतं?”

तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, “मामा गेले तेव्हा चार लोकांनी तुला टिकली काढायला सांगितली होती. काढलीस का?”

दहा वर्षांची कार्टी, आणि कुठे नेऊन बोट ठेवलंस! तुझे मामा, माझा नवरा, लग्नानंतर वर्षाच्या आत गेला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. मला त्याच्या घरच्यांनी पांढऱ्या पायाची ठरवलं. मी टिकली लावूनच त्या घरातून निघाले, ती भावाकडे आले. तेव्हापासून शकुन, अपशकुन, नजर, करणी, हे शब्द माझ्यासमोर कुणी काढले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे तू घरात शंभरदा ऐकलेलं. “घरी गेल्यावर बोलू,” म्हणाले. घरी गेल्यावर तू वरण-भात खाऊन झोपलीस. ते बोलणं राहिलं ते राहिलंच. आजही मला सुचत नाहीये की नसतंच म्हणणारी मी, तुला हस का म्हणाले. जीव होता तुझ्यावर, दुसरं काय.

सिनेमा संपला, शाळा सुरू झाली, आणि मग ताप आला. लोक मला विचारतात, नाटकी पोर होती, आधी खोटं वाटलं असेल ना? बिलकुल नाही. तू आजारी असल्याचं नाटक केलंच नाहीस. उलट बरी असल्याचं करत होतीस. “मी ओके आहे, आई कामावर जा,” असं त्या कोरड्या ओठांनी म्हणायचीस. आयुष्यात तेवढी एकच भूमिका तुला जमली नाही, रेवे. तुझ्या आईनं त्याच दिवशी उचलून दवाखान्यात नेलं. डेंगी निघाला. मग मोठं हॉस्पिटल, मग ती काचेची खोली. आत कुणाला सोडत नव्हते. तुझी आई काचेला नाक लावून उभी असायची, तिच्या श्वासानं काच धूसर व्हायची, आणि ती हातानं पुसून परत बघायची. पहाटे आतली सिस्टर बाहेर आली. तोवर तू गेली होतीस.

त्यानंतर घरात कुणी कुणावर ओरडलं नाही, ह्याचंच मला भय वाटत होतं. तुझा बाबा मार्केटातून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. तुझी आई तुझे गणवेश रोज धुवायची. आणि अशात ती सेटवरची केस विंचरणारी सविता भेटायला आली. मनानं वाईट नाही ती, पण तोंडाला कुलूप नाही. रडता रडता मला म्हणाली, “आक्का, त्या सीननंतर हसली होती ना ओ पोरगी? हसवावंच लागतं.”

तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं तो खाली ठेवला आणि सविताला सगळं विचारून घेतलं. काय रीत, कशासाठी, कोण लक्ष ठेवतं. सविता भाबडेपणानं सांगून बसली, “पोरांच्या बाबतीत सोबत आलेलं माणूस बघतं.” तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं. रेवे, मी सासरच्यांच्या नजरा झेलल्यात, पण ही नजर मला सोसली नाही. चौदा वर्षं एका चुलीवर रांधलंय आम्ही दोघींनी.

मी तडकलेच. “सुरेखा, डास चावला म्हणून गेली ती! हसण्याचा काय संबंध?”

“मी संबंध विचारत नाहीये,” ती म्हणाली. “हसली का, तेवढं सांगा.”

मी उठून गॅलरीत गेले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नाही. मीठ हवं असलं तर तुझ्या बाबाला सांगते.

त्यात डायरेक्टरचा फोन आला. तरणा पोरगा आहे, फोनवरच घळाघळा रडला. म्हणाला, सिनेमा तयार आहे, पण घरच्यांना नको असेल तर मी शेवटचा सीन काढतो, मुलगी बरी होऊन गावाला गेली असं दाखवतो. तुझा बाबा म्हणाला, “सुरेखा म्हणंल तसं.” आणि सुरेखा म्हणाली, माझ्याकडे न बघता, “हसली असेल तर ठेवा. नसेल हसली, तर मी तिला सिनेमात मरू द्यायची नाही. एकदा मेली तेवढं पुरे.”

त्या पोराला विचारलं तर त्याला काहीच आठवत नाही, आणि मॅडमना तर तेव्हा भानच नव्हतं. म्हणजे सगळं माझ्या जिभेवर आलं.

खोटं किती सोपं आहे बघ. ‘हसली गं, चांगली खळखळून हसली.’ एवढं म्हटलं की तुझं सगळ्यात चांगलं काम लोक बघतील, तुझी आई रात्री झोपेल, आणि माझ्याकडे बघून परत बोलायला लागेल. कुणाचं काही बिघडत नाही. आरशासमोर मी ते म्हणूनही बघितलं. तुझ्याइतकं नाही जमलं, पण चाललं असतं.

आणि खरं सांगायचं तर नुसतं ‘नाही’ सांगून भागत नाही. का नाही हसली, तेही सांगावं लागेल. तुझ्या सख्ख्या आईला सांगायचं की तुझी पोर दुसऱ्या आईचे डोळे पुसत बसली होती. जिला तुझ्यापाशी कुणी सोडलं नाही, तिला हे ऐकवायचं? तुझी आई आली वाटतं, चप्पल वाजली.

इथवर लिहिलं ते दुपारी. आता डायरेक्टर येऊन गेला.

तुझी आई आली, हात-पाय धुतले, मेथी निवडायला बसली. मी समोर जाऊन बसले. मनाशी ‘हसली’ हेच ठरवून बसले होते, खोटं कशाला बोलू. पण तिनं वर बघितलं आणि मला तू दिसलीस. डोळे तुझेच आहेत ना तिचे. मग माझ्यानं झालं नाही. तिला सगळं सांगितलं. मॅडम रडत होत्या ते, तू बाहीनं डोळे पुसलेस ते, ‘ती रडतेय, आणि मी काय दात काढू’ तेसुद्धा, जसंच्या तसं.

ती मेथी निवडतच राहिली. पानं भांड्यात, देठं पेपरवर.

“म्हणजे नाही हसली.”

“नाही.”

“हसली म्हणून सांगता आलं असतं तुम्हाला.”

“आलं असतं.”

तिनं देठांचा पेपर गुंडाळला. मग म्हणाली, “आक्का, मी हे विसरायची नाही. तुम्ही तिला हसवायला पाहिजे होतं.”

एरवी मी केवढी भांडले असते. म्हणाले, “नको विसरू.”

भांडं जवळ ओढत तिनं विचारलं, “डोकं त्या बाईच्या मांडीवर होतं?”

“हो.”

“सगळा वेळ?”

“शेवटपर्यंत.”

“हात कुठे होता तिचा?”

“कपाळावर. रेवूच्या कपाळावर.”

ती उठली आणि मेथी धुवायला घेतली. पाणी सोडून ठेवलं आणि हात त्यात नुसताच धरून उभी राहिली. मला वाटलं, संपलं सगळं. तुझा सीन गेला, आणि ही बाईही माझ्या हातून गेली.

तो पोरगा आला तेव्हा तुझा बाबा नुकताच मार्केटातून येऊन टेकला होता. चहा झाला. पोरगा कपाकडेच बघत होता. मग घसा खाकरून म्हणाला, “काकू, मी दुसरा शेवट जुळवून ठेवलाय. तुम्ही फक्त सांगा. उद्यापासून बदलायला घेतो.”

“नका बदलू,” तुझी आई म्हणाली.

तुझ्या बाबानं मान वर केली. मी दाराला टेकून उभी होते, तिथेच बसले.

“मला आत सोडलं नाही ओ,” ती त्याला सांगत होती, शेजारणीला सांगावं तशी. “नियम असतो, त्यांचं काही चुकलं नाही. पण गेली तेव्हा तिच्या उशाशी कुणी नव्हतं. कपाळाला कुणाचा हात नव्हता. तुमच्या सिनेमात निदान आई तरी आहे तिच्यापाशी. राहू दे तसंच. मला तेच बघायचंय.”

पोरगा तोंड झाकून रडायला लागला. तुझा बाबा उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागला, आणि स्वतःही रडत होता. रेवे, तू गेलीस त्या दिवसापासून मी एकदाही मोकळी रडले नव्हते, कारण मला वाटायचं की माझं रडणं तुझ्या आईला ढोंग वाटेल. आज मला ते आवरलं नाही. तिथेच उंबऱ्यावर, गुडघ्यात डोकं घालून, मोठ्यानं, सगळ्यांसमोर रडले.

तुझी आई जागची उठली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पण तुझ्या बाबाला म्हणाली, “आक्कांना पाणी द्या.”